भीती पुडीवर, मिश्री डब्यात

औशातल्या कुठल्याही पानटपरीवर तंबाखूची पुडी घ्या, तिच्यावर किडलेल्या तोंडाचं चित्र असतं. वेष्टनाचा 85 टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला हवा, हा नियम 2016 पासूनचा. गिऱ्हाईक चित्र अंगठ्याखाली दाबतं, पुडी फोडतं आणि गप्पा मारत तंबाखू मळू लागतं. बाईने तेच चित्र पाहून तोंड फिरवलं की आपण म्हणतो, बायकांचं काळीजच मऊ.

अमेरिकेत ॲन क्रिंग आणि ॲल्बर्ट गॉर्डन यांनी विद्यार्थ्यांना भावना चाळवणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. 1998 साली छापलेले निष्कर्ष गमतीचे आहेत. मुलींच्या चेहऱ्यावर भावना जास्त उमटल्या, पण ‘आत काय वाटलं?’ याच्या उत्तरांत तसा फरक निघाला नाही. टपरीवरचा गडी घाबरत नसेलच, असं त्याच्या चेहऱ्यावरून ठरवू नये.

परिणामाचं गणित मात्र निराळं. भीती दाखवणाऱ्या संदेशांवरच्या सव्वाशेहून अधिक शोधनिबंधांचा एकत्र आढावा 2015 साली आला. ज्या गटांत स्त्रिया जास्त, तिथे असे संदेश अधिक लागू पडले. भीतीसोबत ‘हे कर, तुला जमेल’ असं सांगितलं तर परिणाम आणखी वाढला.

आपल्याकडची गोम इथेच आहे. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रातले 35.5 टक्के पुरुष आणि 17 टक्के बायका तंबाखू वापरत होत्या. गावाकडे बाईची तंबाखू म्हणजे बहुतेकदा मिश्री: तव्यावर भाजायची, कुटायची, डब्यात भरायची, सकाळी हिरड्यांना घासायची. डब्यावर ना चित्र, ना तंबाखू सोडवायला मदत करणारा 1800-11-2356 हा नंबर. ज्यांच्यावर इशारा जास्त चालतो, त्यांच्याच नजरेला तो पडत नाही. याचा दोष बाईच्या काळजाला कसा द्यायचा?

सांगणारं कुणी दारापर्यंत आलं तर काय होतं, तेही पाहा. औसा 1982 पर्यंत ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, तिथे 1999 पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी चाचणी झाली. सव्वा लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. कार्यकर्त्या घरोघर जाऊन समजावत. एचपीव्ही विषाणूच्या तपासणीच्या गटातल्या पाचांपैकी जवळपास चौघी तपासायला आल्या आणि तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

तोंडाच्या कॅन्सरची तपासणी तर त्याहून सोपी. उजेडात आ करायचा, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम आहे का ते बघायचं. आशाताईने हे काम मिश्री लावायच्या वेळी, सकाळी ओसरीवर बसून करावं.