पाटी, मी आणि मेहकरचा रस्ता

मुलांनो, मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आमच्या चौथीच्या वर्गात एकच विषय असतो. कोण मामाच्या गावाला जाणार, कोण कोकणात, कोण पुण्याला! अशाच गप्पा रंगल्या असताना एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, तुम्ही पाटीला घेऊन एकट्याच गाडीने वर्ध्याला गेला होता ना? मग आम्ही पण आमच्या टॉमीला न्यावं का?"

पाटी म्हणजे माझी कुत्री. गावठीच, पण पाटीसारखी काळीभोर, म्हणून पाटी. एका पावसाळ्यात ती पिल्लू असताना आमच्या शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसली आणि मग माझ्या घरीच आली.

त्या प्रश्नाला मी पटकन "हो, न्या की!" म्हणणार होते. पण तोंडातून शब्द बाहेर पडेना. कारण त्या प्रवासात एक गोष्ट घडली होती, आणि ती मी वर्गात कधीच सांगितली नव्हती. आज तुम्हाला सांगते. पण त्याआधी आणखी दोन प्रवासी कुत्र्यांची ओळख करून देते.

पंढरीचा 'महाराज'

बेळगाव जिल्ह्यात निपाणीजवळ यमगर्णी नावाचं गाव आहे. २०२४ च्या जूनअखेरीस तिथले एक वारकरी पायी पंढरपूरला निघाले. त्यांच्यामागे गावातला एक काळा कुत्राही निघाला. त्याचं नाव 'महाराज'. भजन सुरू झालं की तो जवळ येऊन बसायचा, असं गावकरी सांगतात. सुमारे २५० किलोमीटर अंतर हा गडी चार पायांवर चालला!

पंढरपुरात दर्शन घेऊन वारकरी बाहेर आले, तर महाराज गायब! त्यांनी गर्दीत खूप शोधलं. कोणी सांगितलं, तो दुसऱ्या लोकांबरोबर निघून गेला. शेवटी ते जड मनाने गावी परतले. आणि दुसऱ्याच दिवशी बघतात तो काय, महाराज दारात उभा, शेपूट हलवतोय! गावाने त्याला हार घातला, मिरवणूक काढली आणि गावजेवणसुद्धा घातलं.

कुत्र्यांना अशी वाट कशी सापडते? नाक तर त्यांचं तिखट असतंच. शिवाय २०२० साली चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जागा दाखवणारी यंत्रं बांधून पाहिली. परत फिरताना काही कुत्री आधी साधारण २० मीटर उत्तर-दक्षिण दिशेने धावत आणि मग मालकाकडे वळत. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा त्यांना उपयोग होत असावा, असा अंदाज त्यावरून बांधला गेला. आहे की नाही गंमत?

पण मुलांनो, या गोष्टीत एक बाब लक्षात ठेवा. महाराज स्वतःच्या पायांनी चालत होता. ऊन लागलं तर झाडाखाली बसत होता, तहान लागली तर पाणी शोधत होता. गाडीतल्या कुत्र्याला यातलं काहीच करता येत नाही.

गॉगल घातलेला बड

आता जाऊ या अमेरिकेत. साल १९०३. होरेशिओ नेल्सन जॅक्सन नावाच्या डॉक्टरने पैज लावली, की मी मोटारीने अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईन. सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्क! तोपर्यंत ते कोणालाच जमलं नव्हतं. रस्ते म्हणजे चिखल नाहीतर धूळ. बरोबर सीवॉल क्रॉकर नावाचा मेकॅनिक होता. वाटेत जॅक्सनने बड नावाचा बुलडॉग विकत घेतला आणि तोही गाडीत बसला.

त्या गाडीला पुढे काच नव्हती. धूळ थेट डोळ्यांत जायची. माणसांनी गॉगल लावले होते. बडचे डोळे लाल झालेले जॅक्सनला दिसले, तेव्हा त्याने बडलाही गॉगल लावला! ६३ दिवसांनी तिघेही न्यूयॉर्कला पोचले. ती विंटन मोटार आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे.

गॉगल घातलेला कुत्रा म्हटलं की आपल्याला हसू येतं. पण मला त्यात दुसरंच काही दिसतं. "माझे डोळे चुरचुरतायत," असं बड सांगू शकत नव्हता. ते जॅक्सनलाच ओळखावं लागलं.

मला मात्र ते ओळखता आलं नाही.

ती वीस मिनिटं

मे २०२३. छत्रपती संभाजीनगरहून वर्ध्याला बहिणीकडे जायचं होतं. घरी पाटीला सांभाळायला कोणी नव्हतं. मी म्हटलं, चल, तूच माझी सोबत! पाच वाजता निघायचं ठरवलं होतं. पण हे आवर, ते आवर करता करता नऊ वाजले. ही पहिली चूक.

जालना गेलं, सिंदखेडराजा गेलं. पाटी मागच्या सीटवर बसून बाहेर बघत होती. मी तिच्याशी गप्पा मारत होते. एकटीने लांबचा प्रवास करताना बरोबर असा जीव असला की किती बरं वाटतं!

मेहकरच्या अलीकडे बारा वाजले. भूक लागली. रस्त्याकाठी एक हॉटेल दिसलं. "कुत्रं आत नका आणू, ताई," मालक म्हणाले. त्यांचंही बरोबरच होतं, तिथे बाकीची माणसं जेवत होती. दोघं असतो तर एकाने जेवायचं, एकाने कुत्र्याजवळ थांबायचं, असं करता आलं असतं. पण मी एकटी. मी गाडी बाभळीच्या विरळ सावलीत लावली, काचा दोन बोटं खाली केल्या आणि पाटीला म्हटलं, "दहाच मिनिटांत येते हं!"

भाकरी यायला वेळ लागला. मधेच फोन आला. दहाची वीस मिनिटं कधी झाली, कळलंच नाही.

"ताई, तुमचं कुत्रं कसंतरी करतंय!" शेजारच्या पंक्चरच्या दुकानातला मुलगा धावत आला.

मी दार उघडलं. आतून भट्टीसारखी झळ आली. पाटी सीटवर आडवी पडली होती. जीभ बाहेर, तोंडातून चिकट लाळ, डोळे कुठेतरी लागलेले. मी हाक मारली, तिने कानही हलवला नाही.

माझे हातपाय गळाले. पण तो मुलगा शहाणा होता. त्याने पाटीला उचलून दुकानाच्या सावलीत नेलं आणि ट्यूब बुडवून बघायच्या टपातलं पाणी तिच्या अंगावर, पोटावर, पायांवर ओतायला सुरुवात केली. मी पुठ्ठ्याने वारा घालत होते आणि रडत होते. थोड्या वेळाने तिने डोळे फिरवून माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही तिला मेहकरच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ताप पाहिला, सलाईन लावलं. म्हणाले, "अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं."

पाटी वाचली. पण ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

कुत्र्याचा माठ

असं का होतं? आपल्याला उकडलं की अंगभर घाम येतो, तो वाळतो आणि अंग गार होतं. माठातलं पाणी गार होतं तसंच. कुत्र्याला घाम येतो फक्त पंजांच्या तळव्यांना, तोही थोडासा. म्हणून ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं. तोंडातला ओलावा वाळतो आणि त्याला गारवा मिळतो. म्हणजे कुत्र्याचा माठ त्याच्या तोंडात असतो!

पण बंद गाडीत हवा तापते आणि त्याच्याच श्वासाने दमटही होते. दमट हवेत माठातलं पाणी गार होत नाही, हे आजीला विचारा. उन्हात उभी केलेली गाडी तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी जास्त तापू शकते, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काचा थोड्या उघड्या ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्याचा नेहमीचा ताप साधारण ३८.५ अंश सेल्सिअस. तो ४१ च्या वर गेला की जिवाला धोका! पग आणि बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर हा त्रास लवकर होतो.

पुढचा प्रवास

त्या रात्री आम्ही मेहकरलाच थांबलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो. थर्मासमध्ये चहा, डब्यात पोळी-भाजी. गाडी थांबली की आधी पाटी खाली उतरायची, मग मी. एका पेट्रोल पंपावर मला बाथरूमला जायचं होतं. तिथल्या कर्मचारी ताईंना म्हटलं, "पाच मिनिटं हिचा पट्टा धराल का?" त्यांनी आनंदाने धरला. काल लाज वाटून मी कोणाला विचारलं नव्हतं, एवढंच!

तुम्हीही कुत्र्याला नेणार असाल, तर आईबाबांबरोबर बसून ही यादी वाचा:

• रेबीजची लस दिलेली हवी. लसीचं कार्ड बरोबर घ्या.
• गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा फोन नंबर हवा. प्रत्येक कुत्र्याला 'महाराज'सारखी वाट सापडत नाही!
• निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नका. गाडी लागून उलटी होते. पाणी मात्र भरपूर घ्या.
• त्याला मागच्या सीटवर पट्ट्याने नीट बांधा. खिडकीतून डोकं बाहेर काढू देऊ नका. बडचे डोळे आठवा!
• दर दोन तासांनी थांबा. डांबरावर उतरवण्याआधी हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसेल.
• चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा देऊ नका. ते त्याला विषासारखं आहे.
• ऊन लागलंच तर सावलीत न्या, मिळेल ते गार पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टर गाठा. बर्फ शोधत बसू नका.
• बंद गाडीत एकटं ठेवू नका. दहा मिनिटंसुद्धा नाही.

हे सगळं जमणार नसेल, तर त्याला शेजारच्या काकूंकडे प्रेमाने ठेवून जा. तीही मायाच आहे.

महाभारतातली शेवटची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. पांडव हिमालयाकडे निघाले, त्यांच्यामागे एक कुत्रा निघाला. द्रौपदी आणि चारही भाऊ एकेक करून वाटेत पडले. उरले युधिष्ठिर आणि तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, "कुत्र्याला सोड आणि चढ." युधिष्ठिर म्हणाला, सोबत आलेल्याला मी सोडणार नाही. मग कळलं, की तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता.

युधिष्ठिराने स्वर्गासाठी जे केलं नाही, ते मी एका भाकरीसाठी केलं होतं.

म्हणून त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी एवढंच म्हटलं, "टॉमीला न्यायचं असेल तर जरूर ने. पण मग गाडी कुठे थांबवायची, ते टॉमीला विचारून ठरव!"

"बाई, तो कसा सांगणार?" वर्ग हसला.

"तो जीभ बाहेर काढून सांगतो," मी म्हटलं. "आपण बघायला हवं."