राखून ठेवलेली मेंढरे

लेखमाला : अंतःकरणाची पारख
लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण कोरहाचे बंड पाहिले. गणनेच्या सोळाव्या अध्यायात तो २५० पुढाऱ्यांना घेऊन मोशे आणि अहरोन यांच्यासमोर उभा राहतो आणि आपली तक्रार तोंडावर सांगतो. असे बंड लपत नाही. या आठवड्यात ज्या बंडाचा विचार करायचा आहे ते मात्र उपासनेला वेळेवर हजर असते. ते दशांश देते, प्रार्थनासभेत मोठ्याने प्रार्थना करते, आणि आपण देवाच्या आज्ञेतच चाललो आहोत याबद्दल त्याला शंकाही नसते. शास्त्रात या बंडाचे सर्वांत स्पष्ट चित्र शौल राजाच्या चरित्रात आहे. पुढे वाचण्याआधी १ शमुवेल १५ हा अध्याय एकदा सलग वाचावा. पस्तीसच वचने आहेत.

बहुतेक सगळे केले

अमालेकाविरुद्ध जाऊन माणसे आणि पशू अशा सर्वांचा नाश करण्याची देवाची आज्ञा मिळताच शौल कामाला लागला. तलाईम येथे त्याने २,००,००० पायदळ आणि यहूदाचे १०,००० पुरुष जमवले. केनी लोकांनी पूर्वी इस्राएलावर उपकार केले होते, म्हणून त्यांना आधी निरोप पाठवून बाजूला काढले. मग हवीलापासून शूरपर्यंत त्याने अमालेकाचा पाडाव केला. आज्ञेचा मोठा भाग पार पडला होता. राहिला तो एवढाच : अगाग राजा जिवंत ठेवला, आणि मेंढरे, बैल, पुष्ट पशू, कोकरे यांतील उत्तम ते राखून घेतले.

ही आज्ञा आजच्या वाचकाला हादरवते, आणि हादरवायलाच हवी. जुन्या करारातील युद्धांचा प्रश्न गंभीर आहे. एका परिच्छेदात तो उरकता येणार नाही, आणि तसा प्रयत्न मी करणार नाही. पण शौल आज्ञेपासून वळला तो दयेमुळे नव्हे, एवढे या अध्यायातूनच दिसते. नवव्या वचनात स्पष्ट सांगितले आहे की जे टाकाऊ आणि कमी प्रतीचे होते त्याचा त्यांनी नाश केला, आणि जे चांगले होते ते ठेवले. माणसे मारताना त्याचा हात थांबला नाही. थांबला तो धष्टपुष्ट बैलांपाशी.

संदेष्टा शमुवेल रात्रभर देवाकडे आक्रोश करतो. सकाळी तो शौलाच्या शोधात निघतो, तेव्हा कळते की राजा कर्मेलास गेला, तिथे त्याने स्वतःसाठी स्मारक उभारले आणि मग तो गिलगालास उतरला. भेट होताच शौल आधी बोलतो. शमुवेलाला आशीर्वाद देतो आणि सांगतो की परमेश्वराची आज्ञा मी पाळली आहे. त्याच वेळी मागे मेंढरे बेंबावत असतात.

इथे थांबून एक गोष्ट नीट पाहावी. शौल खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. शमुवेलाने चूक दाखवल्यावरही, विसाव्या वचनात, तो पुन्हा ठामपणे म्हणतो की मी ऐकले, मला पाठवले त्या वाटेने मी गेलो. त्याच्या हिशेबात तो आज्ञाधारकच होता. गुप्त बंड आधी स्वतः बंडखोरापासूनच गुप्त असते, आणि म्हणूनच त्याची पारख इतकी कठीण.

ते कुठे लपते

पहिली जागा निवडीची. देवाच्या आज्ञांपैकी ज्या आपल्या स्वभावाला, सोयीला, घराण्याच्या रीतीला जुळतात त्या आपण मनापासून पाळतो. दारूला शिवत नाही, रविवार चुकवत नाही, मुलांना रविवारच्या शाळेत पाठवतो. हे सारे चांगले आहे. पण जे आपण तसेही केले असते ते केल्याने राजा कोण हे ठरत नाही. ते ठरते आपली इच्छा आणि देवाची इच्छा जिथे वेगळी होते तिथे. शेताच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी बोलणे तोडलेला माणूस प्रभुभोजनाला बसतो. मजुराची मजुरी अडकवून ठेवणारा हात अर्पणाची थैली भरतो. ख्रिस्तामध्ये सर्व एक आहेत यावर साक्ष देणारे घर मुलीचे स्थळ पाहताना पूर्वीची जात हळूच विचारून घेते. आपल्या मंडळ्यांमध्ये ही राखून ठेवलेली मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली आहेत, आणि त्यांचा आवाज आपल्या कानांना सवयीचा झाला आहे.

दुसरी जागा धार्मिक कारणाची. शौल म्हणतो, हे पशू परमेश्वराला यज्ञ करण्यासाठी आणले आहेत. आज्ञेला नकार देताना माणूस क्वचितच देवाला नकार देतो; तो देवाला बदल्यात काहीतरी देऊ करतो. घरच्यांना वेळ न देणारा मंडळीची आणखी एक समिती पत्करतो. क्षमा करायची नसते तेव्हा, मी त्याच्यासाठी प्रार्थना करतो, असे आपण म्हणतो. शमुवेलाचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे : यज्ञापेक्षा ऐकणे देवाला अधिक प्रिय आहे. त्याच उत्तराचा पुढचा भाग मात्र आपण घाईने वाचून जातो. तिथे शमुवेल बंडाला शकुन पाहण्याच्या पापाच्या रांगेत बसवतो. शकुन पाहणाऱ्याकडे माणूस का जातो? देवाने दिलेले उत्तर नको असते, किंवा देवाच्या उत्तराची वाट पाहायची नसते, म्हणून. हा इशारा शौलाच्या आयुष्यात अक्षरशः खरा ठरला. ज्याने भूतविद्या करणाऱ्यांना देशातून घालवले होते तो राजा अठ्ठाविसाव्या अध्यायात वेष पालटून रात्री एन-दोरच्या भूतविद्या जाणणाऱ्या स्त्रीच्या दारात जातो. गिलगालात राखलेल्या मेंढरांपासून त्या दारापर्यंतची वाट एका दिवसाची नव्हती, पण ती एकच वाट होती.

तिसरी जागा लोकांची. चांगले पशू लोकांनी ठेवले, असे शौल दोनदा सांगतो. बाकीच्यांचा नाश मात्र आम्ही केला, असे म्हणतो. पुढे चोविसाव्या वचनात खरे कारण बाहेर येते : त्याला लोकांची भीती वाटली होती. देवाविरुद्ध बंड म्हटले की उद्दाम, निर्भय माणूस डोळ्यांपुढे येतो. पण घाबरट माणूसही बंड करू शकतो. समाज काय म्हणेल, मंडळीतले वडीलजन काय म्हणतील, भावकी तोडेल का, या भीतीला आपण जेव्हा शेवटचा शब्द देतो तेव्हा सिंहासनावरचा देव बदललेला असतो.

चौथी जागा स्मारकाची. विजयानंतर शौल आधी कर्मेलास गेला, हा बारीक तपशील लेखकाने उगाच नोंदवलेला नाही. देवासाठी केलेल्या कामावर आपले नाव कोरले जावे ही ओढ फार सूक्ष्म असते. मंदिराची कोनशिला, वर्धापनदिनाच्या अंकातला फोटो, वार्षिक सभेतला ठराव यांत स्वतः काही वाईट नाही. पण नाव राहून गेले म्हणून सेवा सोडावीशी वाटली, तर ती सेवा कोणासाठी चालली होती हे त्या क्षणी उघड होते.

कबुली दोघांनीही दिली

शौलाने पाप कबूलच केले नाही असे नाही. मी पाप केले, हे शब्द त्याच्या तोंडून दोनदा येतात. पण तिसाव्या वचनात त्या शब्दांना जोडूनच तो मागणी करतो की वडीलजनांपुढे आणि इस्राएलापुढे आता माझा मान राख आणि माझ्याबरोबर मागे चल. राज्य गेले हे कळल्यावरही त्याला चिंता आहे ती लोकांसमोरच्या इभ्रतीची. आणि ज्याची उपासना करायची त्याचा उल्लेख तो शमुवेलाशी बोलताना ‘तुझा देव’ असा करतो.

२ शमुवेल १२ मध्ये नाथान संदेष्टा दाविदासमोर उभा राहतो. दाविदाचा अपराध माणसांच्या मापाने कितीतरी भयंकर : व्यभिचार, आणि तो झाकण्यासाठी उरीयाचा घडवून आणलेला मृत्यू. पण दावीद कारणे देत नाही, कोणाकडे बोट दाखवत नाही, मान राखण्याची अट घालत नाही. शिक्षा ऐकतो आणि पाप कबूल करतो. देवाने दाविदाला राखले आणि शौलाला दूर केले, यात पापाचे वजन करून पाहिले तर काहीच हाती लागणार नाही. फरक पडला तो उघडे पडल्यानंतर. एक जण उघडाच राहिला. दुसऱ्याने लगेच पांघरूण मागितले.

जे बंड नव्हे

हळव्या मनाच्या विश्वासणाऱ्यांसाठी एक सावधगिरी इथे आवश्यक आहे. असा अध्याय वाचून काही जण स्वतःला विनाकारण पोखरत बसतात. आजारी माणसाची प्रार्थना तुटक होते, ते बंड नव्हे. मूल गमावलेली आई देवाला, का, असे विचारते, तेही बंड नव्हे. ईयोबाने विचारले, आणि स्तोत्रांचा मोठा भाग अशाच विलापाने भरलेला आहे. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने प्याला टळावा अशी विनंती केली आणि मग आपली इच्छा पित्याच्या इच्छेखाली ठेवली. ज्या पापाशी तुम्ही झगडता, पुन्हा पडता आणि रडत परत येता, त्यात तुमची दुर्बलता आहे. बंड तिथे असते जिथे झगडाच थांबलेला आहे, आणि त्या विषयावर देवाशी बोलणे आपण बंद केले आहे.

पारख कशी करावी

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. भारतात परतल्यावर १८८९ साली त्यांनी शारदासदन सुरू केले. विधवा मुलींसाठी त्यांनी सोसलेला विरोध महाराष्ट्राला ठाऊक आहे. एवढे करूनही १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या नमूद करतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण स्वतः ख्रिस्त अजून सापडलेला नाही. ज्यांच्या सेवेकडे सारा देश पाहत होता त्या बाईंनी ती सेवा पुढे करून पारख टाळली नाही. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन झाले त्यात मुलींनी रडत केलेली पापकबुली ठळक होती. संस्थेच्या प्रमुखाने स्वतःच्या अंतःकरणाबद्दल इतके खरे बोलणे आणि मुलींनी निर्भयपणे कबुली देणे, या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे असे मला वाटते. जिथे पुढारी स्मारके उभारतात तिथे लहानांना कबुली देण्याचा धीर होत नाही.

पारखीला सुरुवात कुठून करावी? यिर्मयाच्या सतराव्या अध्यायानुसार अंतःकरण सर्वांत कपटी आहे. मग त्यालाच स्वतःचा न्यायाधीश नेमण्यात अर्थ नाही. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्राच्या शेवटी दावीद म्हणूनच देवाला विनंती करतो की तूच मला पारखून पाहा. इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. त्यात रोजच्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे आहेत : उपकारस्मरण, प्रकाशासाठी विनंती, दिवसाचा आढावा, क्षमायाचना, आणि सुधारणेचा निश्चय. रोमन कॅथलिक परंपरेबाहेरच्या वाचकांनीही हा क्रम ध्यानात घ्यावा. आढावा तिसरा आहे. आधी देवाने काय दिले ते आठवायचे, मग त्याच्याकडे उजेड मागायचा. ज्याची कृपा आठवली त्याच्यासमोर लपण्याची गरज कमी होते. कृपा विसरून केलेली झडती माणसाला एकतर निराश करते किंवा गर्विष्ठ.

या आठवड्यात रोज रात्री वीस मिनिटे काढावीत, आणि पुढील प्रश्न वहीत उतरवून प्रामाणिक उत्तर लिहावे.

१. कोणत्या एका विषयावर मी बऱ्याच काळात प्रार्थना केलेली नाही, कारण उत्तर काय येईल हे मला माहीत आहे?

२. देवाच्या कोणत्या आज्ञेच्या बदल्यात मी त्याला दुसरे काहीतरी देऊ करत आहे?

३. माझे कोणते कारण मी लोकांना वारंवार सांगतो, पण देवासमोर एकांतात ते उच्चारायला कचरतो?

४. कोणाच्या भीतीमुळे मी आज्ञा पाळणे लांबवत आहे?

५. माझे नाव कुठे राहून गेले म्हणून मला सर्वांत जास्त दुखले?

पाचही प्रश्नांची उत्तरे एकाच गोष्टीकडे बोट दाखवू लागली तर तिथेच थांबावे. पाचव्या दिवसानंतर नवीन उत्तरे शोधू नयेत. त्या एका गोष्टीबद्दल एक कृती करावी. अडकवलेली मजुरी देऊन टाकावी, भावाला स्वतः फोन करावा, मुलीच्या स्थळाबाबत घरात जे मोघम ठेवले आहे ते उघड बोलावे. मोठे ओझे असेल तर आपल्या पाळकांशी किंवा विश्वासातल्या एखाद्या प्रौढ विश्वासणाऱ्याशी बोलावे. एकट्याने वाहू नये. योहानाच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय आश्वासन देतो की पाप पदरी घेणाऱ्याला क्षमा करण्याबाबत देव विश्वासू आहे. हे आश्वासन कबुलीआधीच दिलेले आहे. म्हणून आपण कबुली देतो ती निकाल काय लागेल या धास्तीने नव्हे. निकाल वधस्तंभावर लागलेला आहे, आणि मेंढरे सोडून द्यायला आता कोणाचीच भीती उरलेली नाही.

पुढील लेखांकात मत्तय २१ मधील दोन मुलांच्या दाखल्याचा विचार करू. एकाने बापाला नाही म्हटले आणि नंतर द्राक्षमळ्यात गेला. दुसऱ्याने होकार दिला आणि गेलाच नाही. या आठवड्यातली कृती तोपर्यंत पूर्ण व्हावी, कारण तो दाखला आपल्याला थेट विचारणार आहे की आपण मळ्यात गेलो की नाही.