घरांतील साधनांनीं कापडावर फुलें रंगविण्याची कला

चित्र काढावयाचें म्हटलें कीं, बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनांत पहिला विचार साहित्याचा येतो. उत्तम कुंचले पाहिजेत, तयार कॅनव्हास पाहिजे, रंगांच्या नळ्या पाहिजेत. आणि हें सर्व भंडारा किंवा नागपूर येथील दुकानांतून आणावयाचें, तर त्यास पैसे पाहिजेत. पैसे नाहींत म्हणून चित्र नाहीं, असा हिशेब आपल्या आसगांवसारख्या गांवीं पुष्कळ घरांत होतो, व मुलाची हौस तेथेंच मावळते. हा हिशेब बरोबर नाहीं, हें दाखवावें एवढाच या लेखाचा हेतु आहे. फुलाचें चित्र चांगलें उतरण्यास जी गोष्ट सर्वांत अधिक लागते ती कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं. आणि बाकीचीं साधनें बहुतेक आपल्या स्वयंपाकघरांत, अंगणांत व बांधावर पडलेलीं असतात.

प्रथम आपल्या महाराष्ट्रांतील दोन दाखले घेऊं. अजिंठ्याच्या लेण्यांतील छतांवर कमळें व वेलबुट्टी रंगविलेली आहे, तिची कीर्ति जगभर आहे. त्या चित्रांच्या खालचा गिलावा कशाचा? माती, भाताचें तूस आणि गवताचे तंतू यांचा! भाताचें तूस म्हणजे आपल्या धानाच्या गिरणीबाहेर ढिगानें पडलेली वस्तु. रंगांत निळा दगड मात्र दूरच्या अफगाणिस्तानांतून आलेला. परंतु तांबडा गेरू, पिवळी माती, काजळ हे रंग साधेच होते. दुसरा दाखला वारली लोकांचा. ठाणें व पालघर जिल्ह्यांतील हे आदिवासी गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानें चित्रें काढतात, आणि त्यांचा कुंचला म्हणजे टोंक चावून मऊ केलेली बांबूची काडी. हीच कला भिंतीवरून कागदावर व कापडावर आणणारे जिव्या सोमा मशे यांस सन २०११ मध्यें ‘पद्मश्री’ हा किताब मिळाला. सन २०१८ मध्यें ते निवर्तले. साधनें साधीं असल्यामुळें त्यांच्या कलेस कमीपणा आला नाहीं.

आतां कापडाची तयारी कशी करावी तें पाहूं. मांजरपाटाचा तुकडा, अगर जुन्या धोतराचा घट्ट विणीचा भाग घ्यावा. तो गरम पाण्यांत धुऊन त्यांतील खळ काढून टाकावी. लांकडाच्या चार पट्ट्यांची चौकट करून तीवर हें कापड ताणून चुका ठोकाव्या. पहिली चूक प्रत्येक बाजूच्या मध्यभागीं ठोकावी, आणि तेथून दोहों अंगांस कोपऱ्यांकडे जावें. समोरासमोरच्या बाजू पाळीपाळीनें घ्याव्या. एकाच कोपऱ्यापासून आरंभ केला तर कापडास तिरक्या सुरकुत्या पडतात.

कोऱ्या कापडावर रंग लावला तर तो टीपकागदावरील शाईप्रमाणें पसरतो, कारण सुताचे तंतू ओलावा ओढून घेतात. म्हणून तंतूंमधील छिद्रें प्रथम बुजविलीं पाहिजेत. तांदळाची पातळ पेज गाळून तिचा एक हात द्यावा, वाळूं द्यावा, व मग दुसरा द्यावा. नंतर कोमट पाण्यांत विरघळविलेला सरस व खडूची बारीक पूड यांचा पांढरा लेप पातळ लावावा. लेप जाड झाला तर वाळल्यावर त्यास तडे जातात. प्रत्येक हात उन्हांत पूर्ण वाळूं द्यावा. ओलसर राहिलेल्या पेजेवर बुरशी येते. असें कापड वाळून ताठ झालें, म्हणजे तुमचा कॅनव्हास सिद्ध झाला. मोठे चित्रकारहि मूळचे याच वाटेनें गेले. सोळाव्या शतकांत व्हेनिस शहरांतील चित्रकार लांकडी फळ्या सोडून कापडावर चित्रें काढूं लागले, याचें एक कारण हेंच कीं, त्या बंदरांत जहाजांच्या शिडांचें कापड मुबलक मिळे.

रंगांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. हल्लीं मिळणारे अॅक्रिलिक रंग पाण्यांत कालवितां येतात, लवकर वाळतात, व वाळल्यावर पाण्यानें निघत नाहींत. तांबडा, पिवळा, निळा, पांढरा व काळा अशा पांच लहान बाटल्यांत पुष्कळ काम होतें. तेवढेंहि जमत नसेल तर गेरू, काजळ व खडू हीं डिंकाच्या पाण्यांत खलून घ्यावीं. हळद दिसण्यांत सुंदर, परंतु तिचा रंग उन्हानें उडतो. आणि तींत चुना मिसळला तर ती तांबडी होते. पळसाच्या फुलांचा काढाहि असाच टिकत नाहीं. गेरू मात्र शतकानुशतकें टिकतो, याची साक्ष अजिंठा देतो. एक गोष्ट पालकांनीं लक्षांत ठेवावी. जुन्या पद्धतीच्या शेंदुरांत शिसें व हिंगुळांत पारा असतो; हे रंग मुलांच्या हातीं देऊं नयेत. तसेंच ज्या चमच्यास रंग लागला तो पुनः स्वयंपाकांत घेऊं नये.

आतां साधनें. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी दांतवणासारखी ठेचली कीं बारीक कुंचला होतो. जाड कुंचला पाहिजे असेल तर पळसाची मुळी ठेचावी. चुना देण्याचे कुंचे खेडोपाडीं असेच करीत आले आहेत. काडीस गुंडाळलेला कापूस, केरसुणीची काडी, मोडका कंगवा, दांत घासण्याचा जुना ब्रश, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, चमचा, जेवणाचा कांटा, आणि सर्वांत उत्तम म्हणजे आपलीं पांच बोटें, इतकीं साधनें पुरेत.

कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम मागचा भाग घोसाळ्याच्या जाळीनें अगर ओल्या फडक्यानें फिकट रंगवावा. तो वाळल्यावर देंठ व पानें, त्यानंतर फूल, आणि सर्वांत शेवटीं उजेडाचे पांढुरके ठिपके. दाट रंगांत मागून पुढें येणें सोपें. पुढून मागें जाणें कठीण.

सोप्यांत सोपें फूल भेंडीचें. भेंडी देंठाजवळ आडवी कापून तिचा चिकट ओलावा फडक्यानें टिपावा, व रंगाच्या बोळ्यावर दाबून ती कापडावर उठवावी. पांच पाकळ्यांची चांदणी उमटते. ही पांच संख्या कोठून आली, याचा विचार करा. भेंडी जास्वंदीच्या कुळांतील आहे; तिच्या फुलास पांच पाकळ्या असतात, आणि फळांतहि बहुधा पांचच कप्पे असतात. म्हणजे भाजी चिरतांना जी आकृति दिसते तींत फुलाचीच रचना राहिलेली असते!

झेंडूसाठीं कांटा घ्यावा. त्याचें टोंक रंगांत बुडवून बाहेरच्या वर्तुळापासून आंत आंत, एकावर एक टिचक्या द्याव्या. झेंडूचें एक फूल म्हणजे वास्तविक शेंकडों लहान फुलांचा गुच्छ असतो, म्हणून येथें अनेक लहान फटकारेच शोभतात. कमळास चमचा चांगला. त्याच्या पाठीवर रंग घेऊन पाकळीच्या टोंकाशीं दाबावा, आणि मध्याकडे ओढीत आणावा. टोंकाशीं रंग दाट व मुळाशीं विरळ होतो. परंतु तळ्यावर जाऊन एकदां नीट पाहावें. कमळ पाण्याच्या वर उंच देंठावर उभें असतें व त्याचें पान अखंड गोल असतें. कुमुदाचें पान पाण्यावर तरंगतें व त्यास एका बाजूस खांच असते. चित्रांत या दोहोंची सरमिसळ फार वेळां झालेली दिसते.

आपल्या चौरास भागाच्या आसपास फाल्गुनांत पेटल्यासारखा दिसणारा पळस हा सर्वांत कठीण, म्हणूनच सर्वांत उत्तम पाठ. त्याच्या पांच पाकळ्यांपैकीं एक मोठी मागें वळलेली, दोन बाजूंस, आणि उरलेल्या दोन मिळून पोपटाच्या चोंचीसारखा बांक होतो. संस्कृतांत यास ‘किंशुक’, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ असें नांव आहे. मोठी पाकळी आंगठ्यानें व बांक करंगळीनें ओढावा. खालचा मखमली काळसर पेला कापसाच्या बोळ्यानें टिपावा. पळसाला पानें तीनच ही म्हण सर्वांस ठाऊक आहे; पण बहर भरांत असतां झाडावर तीं तीनहि क्वचितच असतात, हें किती जणांनीं पाहिलें आहे? फुललेल्या पळसाभोंवतीं हिरवीगार पानें काढणारा विद्यार्थी झाडाकडे न पाहतां, सवयीनें चित्र काढीत असतो.

येथेंच या सर्व विषयाचें मर्म आहे. भेंडीचा ठसा व कांट्याची टिचकी यांनीं घटकाभरांत कापड भरून जातें, आणि मुलास वाटतें कीं आपणांस कला आली. परंतु ठशांचीं वीस फुलें अगदीं एकसारखीं असतात. झाडावर दोन फुलें एकसारखीं कधींच नसतात. एक अर्धवट उमललेलें, एक वाऱ्यानें वळलेलें, एक किडीनें खाल्लेलें, असा त्यांत भेद असतो. हा भेद पाहणें हेंच खरें शिक्षण. साधन हें निमित्त. शुभवर्तमानांत प्रभु येशूनें लोकांस रानांतील फुलांकडे लक्ष देऊन पाहावयास सांगितलें, तेंहि याच कारणास्तव असावें. जें फुकट व सर्वत्र आहे, त्याकडेच मनुष्य पाहत नाहीं.

पालकांपैकीं कित्येकांस चित्रकला हा अभ्यासाचा शत्रु वाटतो. त्यांनीं असें पाहावें कीं, फुलाच्या पाकळ्या मोजणारा मुलगा वनस्पतिशास्त्राचा धडाच गिरवीत असतो, आणि चौकटीचे काटकोन साधणारी मुलगी भूमितीचा. सरकारी रेखाकला परीक्षांची, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमिजिएट यांची, वाटहि अशाच सरावानें सुकर होते. बारीक रेषेसाठीं पुढें खरा कुंचला लागेल, हें खरें. घरगुती साधनांस तेवढी मर्यादा आहे. परंतु ज्याचा डोळा तयार झाला त्याच्या हातीं तो कुंचला आला तरच त्याचें चीज होतें.

तर विद्यार्थी मित्रहो, येत्या सुटींत एक मांजरपाटाचा तुकडा ताणा. अगोदर एक फूल निवडून तें सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं असें तीन वेळां पाहा. मगच चमच्यास हात घाला. आणि तो चमचा आईला विचारूनच घ्या, म्हणजे झालें!