सोसग

गुरुवारी आमच्याकडे वीज जाते. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. कधी पाणी नसतं, कधी वीज, आणि योग जुळून आले तर दोन्ही नसतं. जुलैतल्या त्या गुरुवारी कोथरूडात सकाळी दहाला गेलेली वीज अडीचला आली. पंखे फिरले, फ्रिज गुरगुरला आणि आतल्या खोलीतून बायकोची हाक आली, "अरे, हिशेब उघडत नाहीये."

'हिशेब' हे आमच्या डब्यातलं एक फोल्डर. टीव्हीखालच्या कपाटात, राउटरच्या शेजारी, दोन हार्ड डिस्कचा एक नेटवर्क ड्राइव्ह बसलेला असतो. आकाराने तुपाच्या डब्याएवढा, म्हणून घरात त्याला सगळे डबाच म्हणतात. दोन्ही डिस्कवर तोच मजकूर लिहिला जातो. एक बसली तरी दुसरी चालू राहावी म्हणून. 'फोटो' आणि 'सिनेमे' घरातल्या सगळ्यांचे. 'हिशेब' फक्त बायकोचं. ती घरून लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्नं भरते. परक्यांचे पॅन नंबर, बँकेचे उतारे, घरकर्जाचे दाखले त्यात असल्यामुळे त्याला वेगळा पासवर्ड आहे.

मी जे केलं ते बहुतेक जण करतात. पासवर्ड पुन्हा टाकला. मग सावकाश टाकला. मग एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाकला. सहाव्यांदाही नकार आल्यावर पासवर्डच बदलून टाकावा म्हणून उठलो, तोवर बायकोने भाच्याला फोन लावला होता. स्पीकरवरून तो म्हणाला, "मामा, पासवर्डला हात लावू नकोस. संध्याकाळी येतो."

भाचा लक्ष्मी रोडवरची काही दुकानं आणि नारायण पेठेतली सीएंची ऑफिसं सांभाळतो, म्हणजे तिथल्या कॉम्प्युटरांचा वार्षिक देखभालीचा करार त्याच्याकडे आहे. टॅलीचा डेटा असाच एखाद्या डब्यात आणि चार टेबलांवरून चार जण त्यावर काम करणारे, हा त्याचा रोजचा मामला. त्याचं म्हणणं असं की दहातल्या आठ तक्रारी 'पासवर्ड घेत नाही' अशा येतात आणि त्यातल्या एखाददुसऱ्यातच पासवर्ड खरोखर चुकलेला असतो. बाकीच्या ठिकाणी पासवर्ड बदलला की ज्या फोनमध्ये, ज्या लॅपटॉपमध्ये जुना साठवलेला असतो ते सगळे बंद पडतात. ती यंत्रं मग जुनाच पासवर्ड डब्यावर आपटत राहतात, आणि काही डबे तर असे वारंवार चुकणाऱ्याला ठरावीक वेळ दारातच उभं करत नाहीत.

सहाला आला तो तपकीर गल्लीतून घेतलेली नवी लॅन केबल घेऊन. लॅपटॉपकडे त्याने बघितलंही नाही. थेट कपाटापुढे उकिडवा बसला. डब्यावरचे दिवे बघितले, केबल बदलली, मग मोबाइलवर राउटरचं पान उघडलं. "हं. डबा सातवरून बारावर गेलाय."

राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एकेक पत्ता देतो. आमच्या डब्याचा होता १९२.१६८.१.७. पण हे पत्ते म्हणजे पंगतीतले पाट. वीज आली की सगळी यंत्रं एकदम जागी होतात आणि राउटरला आधीची यादी आठवत नसेल तर जो आधी पोचला त्याला पाट. त्या दिवशी टीव्ही आधी उठला आणि सातवर बसला. बायकोचा लॅपटॉप मात्र 'हिशेब' मागायला सातकडेच जात होता, म्हणजे टीव्हीकडे. भाच्याने राउटरमध्ये सात नंबर डब्याच्या नावे कायमचा राखून ठेवला आणि राउटर, टीव्ही, डबा तिन्ही बंद करून चालू केले. दहा मिनिटांचं काम.

"पण मी दुपारी पत्त्याने नाही, डब्याच्या नावाने उघडत होतो. तिथे पासवर्ड विचारत होता की," मी म्हणालो.

"तिथेच तर गंमत आहे," म्हणून तो अखेर लॅपटॉपपुढे बसला. आधी त्याने बायकोच्या फोनवर डब्याचं स्वतःचं पान उघडून तोच पासवर्ड टाकायला लावला. पान निमूट उघडलं. पासवर्ड निर्दोष सुटला.

"मामी, आता लॅपटॉपवर टाक. पण पासवर्डच्या चौकटीत नाही, वरच्या, नावाच्या चौकटीत. तिथे अक्षरं दिसतात." डब्यावर तिचं खातं इंग्रजी अक्षरांत 'मामी' असं आहे, चार अक्षरी. सुरुवात तिने त्याच चार कळांनी केली आणि चौकटीत उमटलं: सोसग.

आम्ही तिघेही त्या शब्दाकडे बघत राहिलो. बायकोने सकाळी सोसायटीची पाण्याची सूचना मराठीत टाइप केली होती आणि कळफलक मराठीतच राहिला होता. ती इन्स्क्रिप्टवर टाइप करते. त्यात इंग्रजी एमच्या कळीवर स आहे, एच्या कळीवर ओकार, आयच्या कळीवर ग. नावाची चौकट दुपारी आधीच भरलेली होती, आम्ही फक्त पासवर्ड टाकत होतो, आणि पासवर्डच्या चौकटीत ओकार काय नि ग काय, सगळ्यांचे सारखेच काळे ठिपके. तिच्या पासवर्डमध्ये 'ॲट'ची खूण आहे. ती कळ इन्स्क्रिप्टमध्ये अर्धचंद्र देते. एकेक अक्षर मोठ्याने म्हणत मी दुपारभर डब्याला अगम्य मराठी ऐकवत होतो. इन्स्क्रिप्ट १९८६ पासून सरकारमान्य आहे आणि भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणण्याचं मोठं काम आमच्या पुण्यातल्या सीडॅकमध्ये झालं, याचा मला एरवी अभिमानच असतो.

कळफलक इंग्रजी केला. पासवर्ड टाकला. पुन्हा नकार, पण या वेळी निराळा: एकाच माणसाला एकाच सर्व्हरवर दोन नावांनी जाता येणार नाही, अशा अर्थाचा. भाच्याचा चेहरा उजळला. "बारा एकोणीस!" हा त्या चुकीचा नंबर, १२१९. धंद्यातले लोक त्याला नंबरानेच ओळखतात.

विंडोज एका डब्याशी एका वेळी एकाच नावाने बोलतं. आणि ते नाव तुम्ही सांगेपर्यंत थांबत नाही. फोल्डरवर क्लिक केलं की आधी गुपचूप लॅपटॉपचं स्वतःचं लॉगिन पुढे करतं, नाहीतर पूर्वी कुणी साठवून ठेवलेलं एखादं. चौकट तुमच्यापुढे येते ती हे सगळं फसल्यावर. आमच्या मुलाने कधीतरी आईच्या लॅपटॉपवरून फोटो उतरवताना 'घर' या सामाईक खात्याचा पासवर्ड साठवला होता. त्यामुळे लॅपटॉप सुरू झाला की डब्याकडे तो 'घर' म्हणून जाऊन बसलेला असायचा. त्याच दाराशी 'मामी' म्हणून कितीही खरा पासवर्ड द्या, आत जाऊन बसलेल्याला दुसरं नाव सांगता येत नाही.

"मग इतके दिवस कसं चालत होतं?" बायकोने विचारलं.

भाचा जरा थांबला. "ते मीच केलं होतं, दोन वर्षांपूर्वी. घाईत होतो." विंडोजला डब्याचं नाव आणि डब्याचा पत्ता हे दोन वेगळे सर्व्हर वाटतात. म्हणून त्याने 'फोटो' नावाने जोडलं होतं आणि 'हिशेब' पत्त्याने. पळवाट पत्ता बदलेपर्यंत चालली. ऑफिसांत आपण हे करत नाही, असंही तो पुटपुटला. ते मी ऐकून घेतलं.

मग काळ्या खिडकीत त्याने 'नेट यूज' लिहून चालू जोडण्यांची यादी काढली, त्या सगळ्या तोडल्या, क्रेडेन्शियल मॅनेजरमधून 'घर' पुसलं, लॅपटॉपवरून साइन आउट केलं. डब्यावर जाऊन 'मामी' खात्यालाच 'फोटो'चीही परवानगी दिली, म्हणजे तिला दुसरं नाव लागायलाच नको. शेवटी नाव टाकताना आधी डब्याचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग 'मामी'. नुसतं 'मामी' टाकलं तर विंडोज ती याच लॅपटॉपवरची मामी समजू शकतं.

चहा होईपर्यंत त्याने नारायण पेठेतल्या एका जुन्या डब्याची गोष्ट सांगितली. नवे लॅपटॉप आल्यावर तो दिसेचना, कारण त्याला एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या भाषेची, पहिली, जुनी आवृत्तीच येत होती आणि विंडोज १० ने २०१७ च्या शेवटापासून ती मुळातच देणं बंद केलं. कुणीतरी ती पुन्हा चालू करायचा सल्ला दिला होता. भाच्याने डबाच बदलायला लावला. त्याच आवृत्तीतल्या भोकातून २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा व्हायरस पसरला, आणि जूनमध्ये नॉटपेट्या. नॉटपेट्याने उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं होतं. "दहा हजारांचा डबा वाचवायला कुणी दार उघडं ठेवतं का," तो बशीत चहा ओतत म्हणाला.

साडेसातला 'हिशेब' उघडलं. बायकोने आभार वगैरे न मानता दोन फाइली उघडून सेव्ह होतात का ते बघितलं आणि कामाला बसली. भाचा निघाला.

रात्री साडेदहाला बाहेरच्या खोलीतून मुलाची हाक आली. दुपारी वीज आल्या आल्या त्याने टीव्हीवर 'सिनेमे' डब्याच्या नव्या, बाराव्या पत्त्याने जोडून घेतलं होतं. आता टीव्ही पासवर्ड घेत नव्हता, असं त्याचं म्हणणं होतं, आणि तो बदलून बघू का, असं तो विचारत होता.

"हात लावू नकोस," मी म्हणालो आणि कपाटापुढे उकिडवा बसलो.