भाषांतर झालं, मोजमापाचं काय?

‘प्रश्नावली इंग्रजीत आहे ना, मराठीत करून घेऊ. दोन दिवसांचं काम.’ वैद्यकीय प्रबंधांची तयारी सुरू झाली की हे हमखास ऐकू येतं. दोन्ही भाषा चांगल्या येणारा कुणी गाठायचा, कागद त्याच्या हाती द्यायचा, की झालं! नाही होत. आणि चुकीच्या मोजमापाचा भुर्दंड रुग्णाला पडतो, म्हणून चीड येते.

संधिवाताच्या रुग्णाला रोजची कामं कितपत जमतात हे मोजणारी ‘हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर’ घ्या. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या जेम्स फ्राइज यांच्या गटाने ती 1980 मध्ये प्रसिद्ध केली. 20 प्रश्न, 8 गट, प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण. 3 म्हणजे अजिबात जमत नाही. स्वच्छतेच्या गटात टबमधल्या अंघोळीचा प्रश्न आहे. त्याचं मराठी कितीही निर्दोष करा, जन्मभर बादली-तांब्याने अंघोळ केलेली बाई काय सांगणार? ‘नाही जमत’ म्हणाली की 3 गुण. गटातला सर्वांत जास्त गुण हाच त्या गटाचा गुण धरतात. म्हणजे अंग धुणं-पुसणं तिला सहज जमत असलं तरी अख्खा गट 3 वर गेला. आठ गटांच्या सरासरीत या एका प्रश्नाने 0.375 ची भर पडली. या मापात 0.22 चा फरकही रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण मानतात! औषध लागू पडतंय का, हे अशा आकड्यावरून ठरवायचं?

उलट मांडी घालून बसणं मूळ प्रश्नावलीत नाहीच, आणि गुडघे धरलेला आपला रुग्ण पहिली तक्रार तीच करतो. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 12 प्रश्नांच्या भारतीय आवृत्तीत मांडी घालणं, शौचाला उकिडवं बसणं, रिक्षात चढणं-उतरणं, भाजीबाजार करणं हे सगळं आलं. असे बदल भाषांतरकार एकटा करू शकत नाही. संशोधक बीटन आणि सहकाऱ्यांची 2000 ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी दोन स्वतंत्र भाषांतरं, तज्ज्ञ समिती आणि 30 ते 40 जणांवर चाचणी सांगतात. त्या चाचणीत प्रत्येकाला विचारायचं, ‘प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?’ नेमकी हीच पायरी लोक गाळतात.

यावर उत्तर येतं, ‘उलट भाषांतर, म्हणजे मराठीवरून पुन्हा केलेलं इंग्रजी, मूळ इंग्रजीशी जुळलं, म्हणजे चोख.’ टबचा प्रश्नही तंतोतंत जुळेल! 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तज्ज्ञ समितीचा फायदा दिसला, उलट भाषांतराचा फारसा नाही.

‘क्रोनबॅक अल्फा छान आला.’ प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत, एवढंच त्यावरून कळतं.

‘इंटरनेटवर मिळाली, म्हणजे कुणीही वापरावी.’ अनेक प्रश्नावल्यांना हक्कधारकांची परवानगी लागते. ती मागायला गेलात तर कधीकधी अधिकृत मराठी आवृत्ती तयारच मिळते; आरोग्याशी निगडित जीवनमान मोजणाऱ्या ‘ईक्यू-5डी’ची तशी आहे.