हवेच्या बंदुकीची नळी केव्हां पुसावी ?

बीजिंग येथें २००८ सालीं झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत दहा मीटर एअर रायफलीच्या अंतिम फेरींत शेवटचा एकच बार उरला असतां अभिनव बिंद्रा व फिनलंडचे हेन्री हाक्किनेन यांचे गुण अगदीं समान होते. शेवटच्या बाराला बिंद्रा यांना १०.८ गुण मिळाले, हाक्किनेन यांना ९.७. ह्या खेळाच्या निशाणावर एका गुणाचें अंतर अडीच मिलिमीटर असतें. म्हणजे केंद्रापासून मोजलें तर दोघांच्या छर्र्यांतील फरक पावणेतीन मिलिमीटरांच्या आसपास होता. तेवढ्यानें एकाला सुवर्णपदक मिळालें आणि दुसरा तिसऱ्या क्रमांकावर गेला. निशाणाचा सगळा विस्तार ४५.५ मिलिमीटर, आणि त्याच्या मध्यभागीं असलेला दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा !

इतक्या सूक्ष्म हिशेबाच्या खेळांत नळीच्या स्वच्छतेविषयीं धास्ती वाटावी हें स्वाभाविक आहे. अंजली भागवत २००० सालीं सिडनीला अंतिम फेरींत पोहोंचल्या, ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ सालीं कैरो येथें जगज्जेते झाले. हीं नांवें महाराष्ट्रांत आतां अपरिचित नाहींत. ज्या घरांत कॉलेजांतील मुलामुलींसाठीं अशी रायफल येते, तेथें हा प्रश्न लवकरच उपस्थित होतो, आणि त्यावर मिळणारे उपदेश परस्परांशीं जुळत नाहींत. कोणी म्हणतो रोज पुसावी, कोणी म्हणतो दर शंभर बारांनंतर, आणि एकादा अनुभवी गृहस्थ सांगतो कीं, हातच लावूं नये.

ह्या गोंधळाचें मूळ शोधूं गेल्यास तें दारूच्या बंदुकींत सांपडतें. काळी दारू जळली म्हणजे नळींत जी राख व काजळी उरते ती हवेंतील ओल शोषून घेते, आणि पोलाद गंजूं लागतें. पुढें धूर न करणारी दारू आली, तरी काडतुसाच्या टोपींतील मसाल्याचे क्षार कित्येक वर्षें तोच उपद्रव करीत राहिले. म्हणून शिपायाला व शिकाऱ्याला संध्याकाळीं गज हातीं घेतल्यावांचून गत्यंतर नसे. ती शिस्त त्या शस्त्रापुरती अगदीं योग्य होती. परंतु हवेच्या बंदुकींत जळत कांहींच नाहीं. दाबलेली हवा सुटते आणि छर्रा पुढें ढकलला जातो. राख नाहीं, क्षार नाहींत. वडिलांच्या काळची शिस्त मुलाच्या रायफलीला लावणें म्हणजे रोग नसतां औषध देणें होय.

मग नळींत सांचतें तरी काय ? मुख्यतः शिसें. ह्या रायफलीचा छर्रा ४.५ मिलिमीटर जाडीचा, अर्ध्या ग्रॅमहून किंचित् जड, मध्यें कंबर असलेला आणि मागें घागऱ्यासारखा पसरट असतो. हवेच्या दाबानें तो घागरा फुगून नळीला चिकटतो आणि आंतील पीळदार खांचांत धरला जाऊन छर्रा स्वतःभोंवतीं फिरत बाहेर पडतो. हें होतांना मऊ शिशाचा अतिशय सूक्ष्म अंश मागें राहतो. छर्र्यांवर तेलाचा किंवा मेणाचा हात फिरविलेला असल्यास त्याचाही थर बसतो. सामन्यांच्या रायफलींत छर्र्याचा वेग सेकंदास सुमारें १७० मीटर असतो, म्हणून हा थर फार सावकाश वाढतो. अधिक जोराच्या बंदुकींत तो लवकर वाढतो.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावयास हवी. नेम अचूक लागण्यासाठीं नळी निर्मळ असावी लागते असें नाहीं. ती प्रत्येक बाराला सारखी असावी लागते. शिशाचा पातळ व सर्वत्र एकसारखा थर छर्र्याच्या वाटेंत आडवा येत नाहीं. उलट तो पूर्णपणें काढून टाकला, कीं पहिले पांचदहा बार, कधीं कधीं वीसपंचवीसही, इकडेतिकडे जातात, आणि नवा थर बसल्यावरच छर्रे पूर्वीच्या जागीं पडूं लागतात. सामन्याच्या आदल्या रात्रीं भक्तिभावानें नळी पुसणारा नेमबाज दुसऱ्या दिवशीं सरावाच्या बारांतच गोंधळून जातो, आणि दोष मात्र आपल्या हाताला देतो.

शिवाय पुसण्याचेही अपाय आहेत. नळीच्या तोंडाची कड ही सगळ्या नळींतील अत्यंत नाजूक जागा. छर्रा तिला सोडतो त्या क्षणीं मागची हवा त्याच्या सर्व बाजूंनीं सारखी निसटली पाहिजे. लोखंडी गज तोंडाकडून आंत घालून घासाघीस केल्यास ती कड एका बाजूस झिजते आणि छर्रा निघतांनाच कलतो. ही खोड साफसफाईनें सुधारत नाहीं. कारागिराकडेच जावें लागतें. मळानें बिघडलेली नळी पुसून ताळ्यावर येते, पण गजानें बिघडलेली येत नाहीं. कमानीच्या बंदुकींत तेलाचें भय वेगळें. दट्ट्या वेगानें पुढें येतांच त्याच्या समोरची हवा एकदम तापते, आणि तेथें तेल पोहोंचलें असल्यास तें डीझेल एंजिनांतल्याप्रमाणें पेट घेतें. धूर निघतो, मोठा आवाज होतो, छर्रा भलत्याच वेगानें सुटतो आणि कमान व वाइसर ह्यांस इजा पोहोंचते.

तेव्हां "किती बारांनंतर ?" ह्या प्रश्नाला सर्व रायफलींना लागू पडेल असा आंकडा देतां येत नाहीं. कोणाची रायफल पांचशें छर्र्यांचा एक डबा संपतां संपतां कुरकुर करूं लागते, कोणाची कित्येक हजार बार निमूटपणें सोसते. उत्तर ज्याचें त्यानें निशाणावरूनच वाचावें. त्यासाठीं एक वही पुरे. वारा नसलेल्या जागीं रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, एकाच डब्यांतील छर्र्यांनीं, पांच पांच बारांचे पांच पुंजके मारावे. प्रत्येक पुंजक्यांतील सर्वांत दूरच्या दोन भोंकांमधील अंतर मोजून त्यांची सरासरी तारखेसह टिपून ठेवावी. एकाच पुंजक्यावर विसंबूं नये. तो योगायोगानें फार चांगलाही येतो आणि फार वाईटही. दर कांहीं शें बारांनंतर हीच परीक्षा पुन्हां घ्यावी. सरासरी वाढली आणि दुसऱ्या दिवशींही वाढलेलीच राहिली, तर नळीविषयीं संशय घेण्यास जागा झाली.

संशयच, निकाल नव्हे. त्याआधीं दस्त्याचे स्क्रू सैल नाहींत ना, नेमाचें भिंग अथवा माशी हलली नाहीं ना, छर्र्यांचा डबा बदलला नाहीं ना, हें पाहावें. नळी बिचारी मुकी असते, म्हणून तिच्यावर आळ घेणें सर्वांत सोपें. पुसल्यानंतर पंचवीस बार सोडून पुन्हां परीक्षा घ्यावी. सरासरी पूर्वपदावर आली तर मध्यंतरीं किती बार झाले तें वहींतच सांपडेल, आणि तोच त्या रायफलीचा आंकडा.

दोन प्रसंग मात्र ह्या नियमाबाहेरचे. नवीन रायफलीच्या नळींत कारखान्यांतील तेल असतें, तें पहिल्या बारापूर्वीं काढावें. दुसरा प्रसंग पावसाळ्याचा. मुंबईच्या किंवा कोंकणच्या दमट हवेंत महिनाभर कपाटांत पडून राहणाऱ्या नळीला आंतून गंज चढूं शकतो. तेव्हां ठेवतांना तेलाचा अगदीं हलका हात फिरवावा आणि पुन्हां वापरतांना तो कोरड्या चिंधीनें पूर्ण पुसून घ्यावा.

प्रत्यक्ष कृति थोडक्यांत अशी. रायफल रिकामी आहे व तिच्यांत हवेचा दाब किंवा ताणलेली कमान नाहीं, याची दोनदां खात्री करून घ्यावी. जाड नायलॉनचा दोरा दुहेरी करून नळींतून ओवावा, त्याच्या फांसांत स्वच्छ सुती चिंधी अडकवावी, आणि छर्रा जातो त्याच दिशेनें, म्हणजे मागून तोंडाकडे, ती ओढून काढावी. पहिली चिंधी काळी निघेल. एकामागून एक कोरड्या चिंध्या ओढाव्या आणि चिंधीवरचा रंग फिका झाला कीं थांबावें. ती पांढरीशुभ्र निघण्याचा हट्ट धरूं नये. नमद्याचे तयार बोळे मिळतात, तेही दोऱ्यानें ओढतां येतात. परंतु कमानीच्या बंदुकींतून ते नुसते उडवूं नयेत. हलक्या बोळ्यामागें दट्ट्याला अडविणारी हवेची गादी तयार होत नाहीं आणि तो पुढच्या भिंतीवर आदळतो. वापरलेल्या चिंध्यांत शिसें असतें. त्या मुलांच्या हातीं लागणार नाहींत अशा टाकाव्या, आणि साबणानें हात धुतल्यावांचून खाण्याच्या पदार्थांस शिवूं नये.