साठी बुद्धी नाठी? एकाच रोगाच्या मेंदूतल्या निरनिराळ्या वाटा



'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे फार जुनी आहे आणि फार सोयीचीही आहे. घरातला म्हातारा जेवून उठला आणि घटकाभराने 'मला जेवायला का वाढत नाही?' असे विचारू लागला, की ही म्हण आपल्या तोंडी येते. मग पुढे काही करायचे उरतच नाही. वय झालं, चालायचंच!

आता दुसरा म्हातारा घ्या. ह्याची आठवण अशी पक्की, की को ४१९ आपल्या रानातून कधी गेला, को ७४० चे बेणे पहिल्यांदा कुणाकडून आणले, त्या हंगामात पहिली उचल किती मिळाली, सगळे तोंडपाठ. पण वजनाची पावती हातात दिली तर एक ओळ वाचता वाचता भलत्याच ओळीवर जातो. पायरी उतरताना पाय चाचपडतो. सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात घालतो. समोर ठेवलेला तांब्या त्याला सापडत नाही. घरचे म्हणतात, मोतीबिंदू असेल. ऑपरेशन होते, चष्मा दोनदा बदलतो, फरक काडीचा पडत नाही. मग कुणीतरी हळूच विचारतो, "घेत तर नाही ना?"

ह्या दोघांना एकच रोग झालेला असू शकतो. त्याचे नाव अल्झायमर. विस्मरणाचा रोग म्हणून त्याची ख्याती झाली आणि त्या ख्यातीनेच पुष्कळ घोटाळा केला. रोग होतो मेंदूला. मेंदूच्या कोणत्या वाफ्यात तो आधी शिरला, त्यावर माणसाचे काय बिघडणार हे ठरते.

पहिले दोन रोगी

जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात २५ नोव्हेंबर १९०१ रोजी ऑगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई मनोरुग्णांच्या इस्पितळात दाखल झाली. तिच्यात घरच्यांना जाणवलेला पहिला बदल विसरण्याचा नव्हता. ती नवऱ्यावर संशय घेऊ लागली होती. पुढे स्वयंपाक चुकू लागला, घरातल्या वस्तू ती कुठेही लपवू लागली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला प्रश्न विचारून तिची उत्तरे लिहून ठेवली. दुपारी जेवणात फ्लॉवर आणि मांस होते. काय खातेस म्हणून विचारले तर बाई म्हणाली, पालक. तिची ही केसफाईल हरवली होती, ती १९९५ साली फ्रँकफुर्टलाच सापडली, म्हणून हे बारकावे आज कळतात.

८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. आपण लाल कूज ओळखायला ऊस उभा चिरून पाहतो ना, तसेच ह्या रोगाचे आहे. बाहेरून पानांवर संशय घेता येतो, खात्री चिरल्यावरच. अल्झायमरांनी तिच्या मेंदूच्या पातळ चकत्या चांदीच्या क्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील सभेत त्याची हकीकत सांगितली. त्यांना दोन गोष्टी दिसल्या होत्या.

पहिली, पेशींच्या बाहेर जागोजाग साचलेला साका. उसाचा रस ठेवला की तळाला बसतो तसा. हा साका अमायलॉइड बीटा नावाच्या प्रथिनाचा असतो, हे १९८४ साली कळले. दुसरी, पेशींच्या आत सुतळीसारखे पडलेले गुंते. हे टाऊ नावाच्या प्रथिनाचे. चांगल्या पेशीत टाऊ उपयोगी असते. पेशीच्या लांब शेंड्यांतून माल ने-आण करणाऱ्या बारीक नळ्यांना ते बांधून धरते. रोगात ते नळ्यांवरून सुटते, आपसांत पिळले जाते, आणि शेवटी पेशी मरते.

पाच वर्षांनी, १९११ साली, अल्झायमरांनी दुसऱ्या रोग्याचे वर्णन छापले. हा ५६ वर्षांचा पुरुष म्युनिकचा. योहान एफ. एवढेच नाव नोंदीत आहे. ह्याच्या मेंदूत साका भरपूर, पण गुंता एकही नाही! म्हणजे रोगाचे बारसे होते न होते तोच दुसरा रोगी पहिल्यापेक्षा निराळा निघाला. त्या मेंदूच्या जुन्या काचपट्ट्या नंतर शोधून पुन्हा तपासल्या गेल्या, तो निष्कर्ष १९९७ साली छापून आला. अल्झायमरांनी पाहिले ते बरोबरच होते.

नेहमीची वाट

साका आणि गुंता ह्यांत एक फरक ध्यानात ठेवावा. साका मेंदूभर पसरतो. तो कुठे किती आहे यावरून माणसाची लक्षणे फारशी सांगता येत नाहीत. गुंत्याचे तसे नाही. गुंते जिथे दाटतात तिथल्या पेशी मरतात आणि त्या जागेचे काम बंद पडते.

फ्रँकफुर्टच्याच हायको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने ८३ मेंदू तपासून १९९१ साली गुंत्यांचा प्रवास सहा टप्प्यांत मांडला. कानाच्या पातळीला, आत खोलवर, दोन्ही बाजूंना करंगळीएवढा एक भाग असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. नव्या आठवणींची नोंद तिथे होते. आपल्या ऊस नोंदणी खात्यासारखे समजा. नोंदच झाली नाही तर पुढे वही उलटून काय सापडणार? नेहमीच्या रोगात गुंते ह्या भागाच्या दारापाशी सुरू होतात, मग आत शिरतात, आणि काही वर्षांनी मेंदूच्या वरच्या थरात पसरतात. म्हणून सकाळचे जेवण आठवत नाही आणि पन्नास वर्षांपूर्वीचे लग्न आठवते. जुन्या नोंदी आधीच दुसरीकडे गेलेल्या असतात.

सगळ्यांची वाट मात्र हीच नसते. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात जॅक्सनव्हिल येथे मेयो क्लिनिकची मेंदुपेढी आहे. माणसे मृत्यूनंतर मेंदू दान करतात, ते तिथे जतन होतात. तिथल्या मेलिसा मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमर झालेल्या ८८९ मेंदूंतले गुंते जागेनुसार मोजले आणि २०११ साली हिशेब प्रसिद्ध केला. ६६५ मेंदू, म्हणजे शंभरात ७५, नेहमीच्या वाटेचे निघाले. ९७ मेंदूंत हिप्पोकॅम्पस बराचसा वाचलेला होता आणि वरचा थर गुंत्यांनी भरला होता. १२७ मेंदूंत उलटे: गुंते हिप्पोकॅम्पसच्या आसपासच दाटलेले, वरचा थर पुष्कळसा मोकळा.

आणि माणसेही निराळी. हिप्पोकॅम्पस वाचलेल्यांत पुरुष जास्त, मृत्यूचे सरासरी वय ७२, आणि रोगाची चाल वेगाची. दुसऱ्या टोकाच्या गटात बायका जास्त, सरासरी वय ८६, चाल सावकाश. सांगायचे कारण असे, की साठीच्या आतबाहेरचा, आठवण चांगली असलेला पुरुष घसरू लागला तर अल्झायमरचे नाव कुणाच्या मनातच येत नाही. डॉक्टरांच्याही नाही. अशांना दुसऱ्याच रोगाचे नाव देऊन वर्षानुवर्षे औषध चालल्याची उदाहरणे आहेत.

डोळे चांगले, दिसत नाही

आरंभी सांगितलेला दुसरा म्हातारा ह्या गटातला. डोळा फक्त चित्र घेतो. त्याचा अर्थ लावण्याचे काम डोक्याच्या मागच्या भागात होते. गुंते तिथे आधी दाटले की डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळा स्वच्छ दिसतो आणि रोगी म्हणतो, मला दिसत नाही. दोघेही खरे बोलत असतात. अमेरिकेचे डॉ. फ्रँक बेन्सन यांनी १९८८ साली ह्या रूपाचे वर्णन करून त्याला नाव दिले. अशा रोग्याला खुर्ची दिसते, पण ती किती लांब आहे हे उमगत नाही. जमिनीवरची काळी फरशी खड्डा वाटते. घड्याळाचे काटे लागत नाहीत. बेरीज-वजाबाकी अडते, कारण आकडे एकाखाली एक राहत नाहीत.

इंग्लंडचे प्रसिद्ध कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांना हेच झाले. डिसेंबर २००७ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. पुढे त्यांना टंकलेखन जमेना, म्हणून ते तोंडाने मजकूर सांगत. मार्च २०१५ मध्ये ते वारले. तोवर त्यांच्या कादंबऱ्या निघतच होत्या. जो माणूस अक्षरे शोधू शकत नाही तो अख्खी कादंबरी डोक्यात रचतो, ह्याचे नवल वाटते खरे, पण मेंदूतली जागा पाहिली की कोडे सुटते.

आणखी एका रूपात गुंते डाव्या बाजूला, कानाच्या वर-मागे, बोलण्याच्या जागी दाटतात. माणसाला सगळे कळते, शब्द मात्र ओठावर येऊन थांबतो. 'ते हे… ते आपलं… पाणी धरायचं…' खोरे हा शब्दच मिळत नाही. लांब वाक्य ऐकले की त्याचा पुढचा भाग निसटतो. फार थोड्यांत पुढच्या भागाचे काम आधी बिघडते, तेव्हा स्वभावच पालटतो.

उलट, ऐंशीच्या पुढच्यांत बहुधा एकटा अल्झायमर नसतोच. रक्तवाहिन्यांचे जुने आघात असतात, इतर प्रथिनांचे साठे असतात. त्यांतल्या टीडीपी-४३ नावाच्या प्रथिनाचा साठा हिप्पोकॅम्पसलाच गाठतो आणि हुबेहूब अल्झायमरसारखे विस्मरण घडवतो. ह्या दुखण्याला २०१९ साली स्वतंत्र नाव मिळाले.

असे का होते?

पुरते उत्तर अजून हाती नाही. एपीओई-४ नावाचे वाण अंगात असले तर रोगाचा धोका वाढतो, आणि अशा लोकांत विस्मरणाचे रूप जास्त आढळते. सर्वांत विलक्षण हकीकत दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाची आहे. अँटिओकिया भागात काही घराण्यांत एका जनुकाचा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ज्याला तो मिळतो त्याची बुद्धी पंचेचाळिशीच्या सुमारास ढळू लागते. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी हयातभर ह्या घराण्यांचा अभ्यास केला. त्यांत एक बाई अशी निघाली, की दोष असूनही सत्तरीपर्यंत तिची स्मृती टिकली. तिची हकीकत २०१९ साली छापली गेली. तिच्या मेंदूत साका प्रचंड होता, टाऊचे गुंते मात्र कमी. एपीओईचेच एक दुर्मीळ वाण तिला आई आणि बाप दोघांकडून आले होते. ती वारल्यावर मेंदू तपासला तेव्हा पुढचा भाग बराचसा वाचलेला आणि मागचा भाग गुंत्यांनी ग्रासलेला दिसला. एका जनुकाने रोगाची वाटच बदलली होती. नवी औषधे शोधणारे आज ह्याच बाईच्या मागावर आहेत.

आता ऊस न चिरताही काही कळू लागले आहे. टाऊ दाखवणारी छायाचित्रे जिवंत माणसाची घेता येतात. अशा १,६१२ व्यक्तींची छायाचित्रे तपासून २०२१ साली शास्त्रज्ञांनी गुंत्यांच्या चार वाटा दाखवल्या. एकेका वाटेवर शेकडा १८ ते ३३ माणसे होती, म्हणजे 'नेहमीची' म्हणावी अशी एकच वाट उरली नाही. रक्ताच्या तपासणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये परवानगी मिळाली. मात्र रक्तावरून रोग आहे की नाही ह्याचा अंदाज येतो. कुठल्या जागी आहे हे रक्त सांगत नाही.

आपल्या घरी

भारतात साठीच्या पुढच्या शंभरांत सात जणांना बुद्धिभ्रंशाचा काही ना काही प्रकार आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त. तेव्हा गाडी अडली की वयावर ढकलू नका. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, डोक्यावर पडल्याने आत साचलेले रक्त, मनाची उदासी ह्यांनीही असेच होते आणि ह्यांवर उपाय आहेत. डॉक्टरांकडे गेल्यावर नुसते 'विसरतो' म्हणू नका. आधी काय बिघडले ते सांगा: वाट, अक्षर, शब्द, की स्वभाव. नेमके निदान त्यावरच ठरते.

औषधांचे खरे सांगायचे तर डोनेपेझिल वगैरे जुन्या गोळ्या थोडा आधार देतात. साका धुऊन काढणारी लेकॅनेमॅब (२०२३) आणि डोनॅनेमॅब (२०२४) ही औषधे अमेरिकेत मंजूर झाली. लेकॅनेमॅबने १८ महिन्यांत घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही. मेंदूला सूज येणे, रक्तस्राव होणे हे धोके आहेतच. गुंते फार वाढलेले असले तर डोनॅनेमॅबचा गुण कमी येतो असेही दिसले.

ज्याचे अक्षर बिघडले, सही जुळेना, त्याला लगेच वेडा ठरवून सातबारावरून बाजूला सारण्याची घाई काही घरांत होते. दिसण्याचे किंवा बोलण्याचे रूप असेल तर आरंभी त्याला व्यवहार पुरता कळत असतो. जमिनीचे, वारसाचे काय ते त्याला वाचून दाखवून, विचारून, वेळेत करावे. ट्रॅक्टरची आणि मोटारसायकलची किल्ली मात्र त्या दिवसापासून काढून घ्यावी. शब्द अडला तर थांबावे, हातातली वस्तू दाखवावी. पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा ओढावा, मोरीच्या दाराला वेगळा रंग द्यावा. आणि पांढऱ्या ताटात पांढरा भात वाढू नये. त्याला तो दिसत नाही, म्हातारा उपाशी उठतो आणि घरचे समजतात, भूक मेली.